पाचारणाची पारख करताना: ठाण्यातील एका ‘या आणि पाहा’ शिबिराविषयी

ठाण्याच्या पश्चिमेला, उपवन तलाव मागे टाकून येऊरच्या डोंगराकडे चढत जाणाऱ्या भागात, एका धर्मभगिनी संस्थेचे दुमजली कॉन्व्हेंट आहे. तिथे वर्षातून दोनदा, आपल्याला पाचारण म्हणजे धर्मभगिनी होण्याची देवाची हाक आहे का हे पारखू पाहणाऱ्या अविवाहित कॅथलिक मुलींसाठी शुक्रवार संध्याकाळ ते रविवार दुपार असे ‘या आणि पाहा’ शिबीर भरते, आणि ज्या मुलींना पुढेही बोलत राहावेसे वाटते त्यांना त्यानंतर महिन्यातून एकदा एका सिस्टरांची तासभर भेट मिळते. हा अभिप्राय या दोन्हींविषयी, म्हणजे गेल्या पावसाळ्यातल्या त्या तीन दिवसांविषयी आणि नंतरच्या सात महिन्यांविषयी आहे. संस्थेचे नाव मी मुद्दाम लिहिलेले नाही, कारण शिबिरात आम्ही अवघ्या पाच जणी होतो आणि नाव लिहिले तर बाकीच्या चौघी कोण हे आमच्या धर्मग्रामांत (पॅरिशमध्ये, म्हणजे चर्चच्या परिसरात) दुसऱ्या दिवशी सर्वांना कळेल. ज्यांना खरोखर जायचे आहे त्यांना आपल्या धर्मग्रामाच्या फादरांकडून पत्ता मिळतो; मलाही तसाच मिळाला.

मी २७ वर्षांची आहे, ऐरोलीच्या एका कंपनीत हिशेब विभागात काम करते, घर ठाण्यात आणि आजोळ वसईला. धर्मभगिनी व्हावे का, हा प्रश्न माझ्या मनात कॉलेजपासून ये-जा करतो आहे. या शिबिराआधी, दोन वर्षांपूर्वी, मी दुसऱ्या एका ठिकाणच्या अशाच कार्यक्रमाला गेले होते आणि तो अनुभव इथे सांगितल्याशिवाय या जागेचे गुण नीट कळणार नाहीत. तिथे दुसऱ्याच सकाळी माईकवरून विचारण्यात आले की ज्यांना देवाची हाक ऐकू येते आहे त्यांनी हात वर करावेत. मी हात वर केला, कारण शेजारच्या दोघींनी केला होता. त्याच दुपारी संत अल्फोन्सा यांची गोष्ट सांगण्यात आली. २००८ साली संतपदाला पोहोचलेल्या या पहिल्या भारतीय स्त्रीने लग्न टाळण्यासाठी जळत्या भुशाच्या खड्ड्यात पाय घातला होता, आणि ‘तुम्ही देवासाठी काय सोडाल?’ असा प्रश्न त्या गोष्टीला जोडला गेला. एका किशोरवयीन मुलीने घरच्यांच्या आग्रहापुढे हताश होऊन केलेली ती कृती होती. ती उत्साहाचे उदाहरण म्हणून मुलींपुढे ठेवणे मला तेव्हाही पटले नव्हते. घरी परतल्यावर तीन आठवडे फोन येत राहिले. ‘तुझा निर्णय झाला का, बाळा?’ या प्रश्नातला ‘बाळा’ हा शब्द मला आजही टोचतो.

तेव्हापासून अशा कोणत्याही सेवेची परीक्षा मी एकाच गोष्टीवरून करते: तिथे जाऊन मुलीला ‘नाही’ म्हणणे किती सोपे आहे.

येऊरकडच्या या कॉन्व्हेंटमध्ये पहिल्या संध्याकाळी चहा देताना शिबिराच्या प्रमुख सिस्टरांनी जे सांगितले ते साधारण असे होते. या तीन दिवसांत तुमच्याकडून आम्हाला काहीही कळवून घ्यायचे नाही; रविवारी जाताना कोणी फॉर्म भरायचा नाही; पुढे बोलायचे असेल तर फोन तुम्ही करायचा. व्यवस्थेविषयी फार लिहिण्यासारखे नाही. खोल्या दोघी-दोघींच्या आणि स्वच्छ आहेत, पावसाळ्यात डास खूप असतात, न्हाणीघरे खालच्या मजल्यावर आहेत. शुक्रवारी डाळभात आणि शेवग्याच्या शेंगांची भाजी होती, रविवारी बॉटल मसाल्याचे चिकन होते आणि ते उत्तम होते. ठरावीक शुल्क नाही. निघताना पाकिटात जमेल तेवढे ठेवायचे असते. मोबाइल काढून घेत नाहीत, मात्र रात्री साडेनऊनंतर आणि प्रार्थनेच्या वेळी तो खोलीत ठेवावा असे सांगतात, ही गोष्ट आधी कळवली असती तर बरे झाले असते, कारण आमच्यातील एकीच्या घरी आई आजारी होती.

दिवस पहाटे साडेपाचला सुरू होतो. सहा वाजता प्रातःप्रार्थना, मग मिस्सा, मग न्याहारी. संध्याकाळी अर्धा तास पवित्र साक्रामेंताची, म्हणजे ख्रिस्ताचे शरीर मानल्या जाणाऱ्या पवित्र भाकरीपुढे, आराधना असते. हे वेळापत्रक कोणत्याही कॉन्व्हेंटमध्ये थोड्याफार फरकाने असेच असते. शनिवारी सकाळी मात्र त्यांनी आम्हाला सभागृहात बसवण्याऐवजी एकेका सिस्टरांबरोबर कामाला पाठवले, आणि माझ्या मते संपूर्ण शिबिराचे मोल त्या चार तासांत होते. मी ज्या सिस्टरांबरोबर गेले त्या परिचारिका आहेत. वागळे इस्टेटच्या मागच्या वस्त्यांमध्ये क्षयरोगाच्या रुग्णांच्या घरी जाऊन ते औषधे नेमाने घेतात की नाही हे पाहणे, हे त्यांचे काम. बरे वाटू लागले की रुग्ण दोन महिन्यांतच गोळ्या बंद करतात आणि मग आजार औषधाला दाद देईनासा होतो, म्हणून सहा महिने कोणीतरी मागे लागावे लागते, असे त्या जिना चढता चढता सांगत होत्या. तिसऱ्या घरी दार उघडले नाही. चौथ्या घरी आम्हाला आत बोलावून पंखा लावला गेला आणि गोळ्यांची न संपलेली पाकिटे मात्र पलंगाखाली सापडली. सिस्टर त्या माणसावर रागावल्या, चांगल्याच रागावल्या, आणि बाहेर आल्यावर मला म्हणाल्या, ‘हे तू पाहिलेस ते बरे झाले.’

दुपारी जेवताना दोन सिस्टरांमध्ये कपडे धुण्याच्या मशीनवरून कुरबुर झाली. पाहुण्या मुली समोर असूनही ती कोणी झाकली नाही. पंधरा-वीस बायका वेगवेगळ्या गावांतून, वेगवेगळ्या वयांच्या, एकमेकींना न निवडता एका घरात आयुष्यभर राहतात, तेव्हा ब्रह्मचर्याच्या व्रतापेक्षा हे सहजीवनच अनेकींना जड जाते, हे मला माझ्या मावशीने पूर्वी सांगितले होते. मावशी स्वतः अकरा महिने नोव्हिशिएटमध्ये, म्हणजे व्रते घेण्याआधीच्या प्रशिक्षणाच्या काळात, राहून परत आलेली आहे. शिबिरात ते ऐकण्याऐवजी पाहायला मिळाले.

त्या दिवशी दुपारचे सत्र नियम आणि पैसा यांवर होते, आणि मी हिशेबाच्या क्षेत्रातली असल्यामुळे मला त्यात सर्वाधिक रस होता. प्रमुख सिस्टर कॅनन कायद्याची, म्हणजे कॅथलिक चर्चच्या कायद्याची, १९८३ ची संहिता घेऊनच बसल्या. सतरा वर्षे पूर्ण झाल्याशिवाय नोव्हिशिएटमध्ये प्रवेश वैध ठरत नाही. बळजबरीने, मोठ्या भीतीपोटी किंवा फसवणुकीने कोणी आत आली असेल तर तोही प्रवेश अवैध ठरतो, मग ती बळजबरी आईवडिलांनी केलेली असो किंवा संस्थेने. नोव्हिशिएट किमान बारा महिन्यांचे असावे लागते. पहिली व्रते तात्पुरती असतात, तीन वर्षांपेक्षा कमी नाहीत आणि सहसा सहापेक्षा जास्त नाहीत. मुदत वाढवून नऊ वर्षांपर्यंत नेता येते. आजन्म व्रतांसाठी वयाची एकवीस वर्षे पूर्ण असावी लागतात. नोव्हिशिएटमधली मुलगी कोणत्याही दिवशी निघू शकते, तात्पुरत्या व्रतांची मुदत संपली की निघणाऱ्या सिस्टरला कोणाची परवानगी लागत नाही, आणि आजन्म व्रतांनंतर मात्र अतिशय गंभीर कारणांसाठीच, वरिष्ठ धर्माधिकाऱ्यांच्या अनुज्ञेने, बाहेर पडता येते. हे सर्व त्यांनी न अडखळता सांगितले, आणि बाहेर पडण्याच्या वाटा आत येण्याच्या वाटांइतक्याच सविस्तर सांगितल्या, याची मी मनात नोंद केली.

पुढचा प्रश्न मी विचारला: बारा वर्षे शाळेत शिकवून एखादी सिस्टर निघाली तर तिच्या हाती काय लागते? उत्तर कडू होते आणि त्यांनी ते तसेच दिले. व्रतस्थ व्यक्ती जे कमावते ते संस्थेचे होते, आणि निघताना केलेल्या कामाचा मोबदला मागण्याचा हक्क कायदा तिला देत नाही. त्याच कलमात पुढे संस्थेने निघणाऱ्या सदस्येशी न्यायाने आणि ख्रिस्ती प्रेमाने वागावे असे म्हटले आहे. त्या ‘वागावे’चा अर्थ प्रत्येक संस्था आपापला लावते. या संस्थेत म्हणे काही महिन्यांचा खर्च आणि सर्व शैक्षणिक कागदपत्रे दिली जातात. मी म्हणाले की हे लेखी द्यायला हवे, आणि सिस्टर म्हणाल्या की खरे आहे, पण अजून दिलेले नाही. याच ओघात नोव्हेंबर २०२४ मधल्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाचा विषय निघाला. अनुदानित शाळांत शिकवणाऱ्या सिस्टर आणि फादर यांच्या पगारातून टीडीएस कापू नये, कारण तो पगार व्रतामुळे त्यांचा राहतच नाही, ही मागणी न्यायालयाने फेटाळली. चर्चचा कायदा पगार संस्थेचा मानतो आणि आयकर खाते तो सिस्टरांचाच मानते, या विसंगतीवर पाचही जणी हसलो. दारिद्र्याचे व्रत घेतलेल्या बाईला पॅन कार्ड लागतेच, हे मला तरी नवे होते.

माझ्या स्वतःच्या बाबतीत निर्णायक ठरलेले कलम वेगळेच निघाले. ज्यांच्यावर फेडता न येणारे कर्ज आहे त्यांना नोव्हिशिएटमध्ये घेऊ नये, असे संहितेत आहे. माझ्या शैक्षणिक कर्जाचे तेव्हा दीड वर्षाचे हप्ते बाकी होते. मी ते काहीशा अपराधी स्वरात सांगितले, तेव्हा सिस्टर म्हणाल्या, ‘मग आधी कर्ज फेड. दीड वर्ष थांबायला देवाची हरकत नसते.’ त्यांनी मदर तेरेसांचे उदाहरण दिले: १० सप्टेंबर १९४६ रोजी दार्जिलिंगच्या गाडीत त्यांना गरिबांमध्ये जाण्याची हाक जाणवली, पण लोरेटोची शाळा सोडून त्या बाहेर पडल्या १९४८ साली, चर्चची परवानगी मिळाल्यावर, आणि त्यांच्या संस्थेला मान्यता मिळाली १९५० मध्ये. हे उदाहरण सगळेच देतात, परंतु ते घाई करू नकोस हे सांगण्यासाठी दिलेले मी प्रथमच ऐकले.

रविवारी सकाळचे सत्र मला लांबलेले आणि अनावश्यक वाटले. ठाण्यात १३२१ साली मारल्या गेलेल्या टोलेंटिनोच्या थॉमस या ख्रिस्ती मिशनऱ्यांची आणि त्यांच्या सोबत्यांची कथा तासभर चालली. आपल्या गावचा इतिहास म्हणून ती ठाणेकरांना माहीत असावी हे मला मान्य आहे, पण हौतात्म्याच्या कथा ऐकलेल्या मुलीला त्यानंतर ‘मला दर दिवाळीत घरी जाता येईल का?’ असे विचारण्याची लाज वाटते, आणि तोच प्रश्न विचारायला ती आलेली असते. डहाणूकडून आलेल्या एका मुलीने तो प्रश्न मला जिन्यात विचारला, सभागृहात विचारला नाही.

त्याच मुलीमुळे या शिबिराचा सर्वांत मोठा दोष माझ्या लक्षात आला. बोलणे मराठीत होते, पण हाती दिलेले सगळे कागद, प्रार्थनेची पुस्तिका आणि आत्मपरीक्षणाचे प्रश्न इंग्रजीत होते. घरी वारली आणि शाळेत मराठी बोलणाऱ्या मुलीने आपल्या आयुष्याच्या सर्वांत मोठ्या निर्णयाचे प्रश्न तिसऱ्या भाषेत वाचावेत, हे योग्य नाही. वसईच्या धर्मप्रांतात मराठीत इतके धार्मिक लेखन होत असताना ठाण्यात दहा पानांचे भाषांतर करून घेणे अवघड नसावे. मी रविवारी दुपारी बसून तिला चार पाने मराठीत लिहून दिली. सिस्टरांनी त्याची झेरॉक्स काढून घेतली, एवढे त्यांच्या बाजूने नोंदवते. दुसरा दोष मानसशास्त्रीय चाचणीविषयी आहे. उमेदवारी स्वीकारण्याआधी ही चाचणी घेतात आणि ते मला योग्यच वाटते, पण तिचा अहवाल कोण कोण पाहते आणि तो किती वर्षे जपून ठेवतात, या प्रश्नाला मला दोन सिस्टरांकडून दोन उत्तरे मिळाली.

रविवारी अकरा वाजता पालकांना तासभर बोलावतात. माझे पप्पा येणार नाही म्हणत होते, शेवटी आले आणि मागच्या खुर्चीवर बसले. आईने विचारले, ‘म्हातारपणी हिला कोण बघणार?’ त्यावर सिस्टरांनी आम्हाला तळमजल्यावरच्या खोलीत नेले, जिथे ८०-९० वर्षांच्या तीन सिस्टर राहतात. त्यातल्या एकीला तरुण सिस्टर चमच्याने पेज भरवत होती. आईने पुढे काही विचारले नाही. पप्पांनी निघताना विचारले की पोरगी परत आली तर लोकांना काय सांगायचे, आणि सिस्टर म्हणाल्या की परत आली असे सांगायचे. पप्पांना ते उत्तर आवडले नाही. मला आवडले.

आता त्यानंतरच्या मासिक भेटींविषयी. मला भेटणाऱ्या सिस्टर वयाने साठीच्या आहेत आणि संस्थेच्या प्रवेश समितीत नाहीत, हे त्यांनी पहिल्याच भेटीत स्पष्ट केले. त्याचे कारण मला नंतर उमगले: सदस्यांनी आपली सदसद्विवेकबुद्धी आपल्यापुढे उघडी करावी म्हणून कोणत्याही प्रकारे प्रवृत्त करण्यास चर्चचा कायदा वरिष्ठांना मनाई करतो. ज्या व्यक्तीच्या हाती तुमचा प्रवेश आहे तिला तुम्ही मनातले सगळे सांगू लागलात, तर ते सांगणे मोकळे राहत नाही. पहिल्या ठिकाणी माझ्याशी ‘मनमोकळे’ बोलणाऱ्या सिस्टरांच्या मांडीवर वही होती.

इथे वही मला दिली गेली. रोज रात्री दोन-तीन ओळी लिहायच्या: आज कोणता विचार आला आणि तो गेल्यावर मागे चव कसली राहिली. ही पद्धत संत इग्नेशियस लोयोला यांची आहे. १५२१ मध्ये पाम्पलोनाच्या लढाईत पाय मोडून अंथरुणावर पडले असताना त्यांना जाणवले की पराक्रमाची आणि दरबाराची स्वप्ने पाहताना मजा येते पण नंतर मन कोरडे पडते, आणि संतांसारखे जगण्याच्या विचारानंतर मात्र समाधान टिकून राहते. त्यांचा आणखी एक नियम सिस्टर मला वारंवार आठवण करून देतात: मन उदास आणि कोरडे असताना आधी केलेला निश्चय बदलू नये. मी त्यांना विचारले की उदास असताना नवा निश्चय करावा का. त्यांनी उत्तर देण्याऐवजी माझी वही मागितली, तीन महिन्यांची पाने तारखांसह वाचली आणि धर्मभगिनी व्हावे असे जोराने वाटले ते सगळे दिवस पेन्सिलने अधोरेखित केले. अकरापैकी आठ दिवस महिनाअखेरीचे होते, म्हणजे ज्या दिवसांत साहेबांशी माझे खटके उडतात ते. सिस्टर चष्मा काढून म्हणाल्या, ‘मुली, हे पाचारण आहे की राजीनामा?’

मी दोन दिवस रागावले होते. नंतर उरलेले तीन दिवस पुन्हा वाचले. त्यातला एक शिबिरातला शनिवार होता, गोळ्यांची पाकिटे पलंगाखाली सापडलेला. दुसरा, ऐरोलीहून ठाण्याला येणाऱ्या लोकलमध्ये उभ्याने घालवलेला एक साधा बुधवार, जेव्हा मी इग्नेशियस यांनीच सुचवलेला दुसरा प्रयोग करत होते: अगदी अनोळखी बाई, माझ्याच वयाची, हाच प्रश्न घेऊन समोर आली तर तिला काय सांगशील? तिसऱ्या दिवसाविषयी मी सिस्टरांशीही अजून बोललेले नाही आणि त्यांनी विचारलेले नाही.

आमच्या पाच जणींपैकी एकीला नवी मुंबईतली नोकरी आणि ठरलेले लग्न सोडायचे नव्हते हे तिला शनिवारी रात्रीच कळले. रविवारी तिला इतरांइतक्याच मायेने निरोप मिळाला. दुसरी मुलगी दिवसभर गप्प राहायची, वस्तीतल्या भेटींनी थकायची आणि आराधनेत मात्र तास विसरायची. सिस्टरांनी तिला सांगितले की आमचे आयुष्य धावपळीचे आहे, तू आमच्याकडची वाटत नाहीस, एकदा कार्मेलच्या एकांतवासी भगिनींना भेटून ये. आपल्याकडे नवीन मुली येणे दिवसेंदिवस कमी होत असताना हाताशी आलेली मुलगी दुसऱ्या संस्थेकडे पाठवणे सोपे नसते. कोणी मला या जागेविषयी विचारले तर मी आधी हीच गोष्ट सांगते, आणि मग इंग्रजी कागदांची.

जाणाऱ्यांसाठी काही व्यावहारिक सूचना. धर्मग्रामाच्या फादरांचे पत्र लागते; स्नानसंस्कार आणि दृढीकरणाचे दाखले या टप्प्यावर लागत नाहीत. वयाची अट तिशीच्या आतली आहे, पण ३१ वर्षांच्या एकीला त्यांनी घेतले होते. ठाणे स्टेशनहून उपवनपर्यंत बस मिळते, पुढे रिक्षा. पावसाळ्यात शुक्रवारी संध्याकाळी तासाभराचा वेळ हाताशी ठेवावा. पायांत जिने चढता येतील अशा चपला असाव्यात. प्रश्न घरून लिहून न्यावेत, विशेषतः पैशांचे, आणि ते सभागृहात सर्वांसमोर विचारावेत, म्हणजे जिन्यात थांबलेल्या मुलीलाही उत्तर मिळते.

माझे कर्ज अजून अकरा हप्त्यांचे आहे. पुढची भेट महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी आहे आणि नेहमीप्रमाणे आदल्या दिवशी फोन मलाच करायचा आहे; सात महिन्यांत तिकडून एकदाही आलेला नाही.